जनूदादा आणि तीन किडनी डॉक्टर

जनूदादाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याची अर्धीच दाढी झालेली होती. डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर साबणाचा फेस वाळलेला, खांद्यावर टॉवेल, आणि अशा अवस्थेत हा गृहस्थ भर बाजारातून एका सलूनमधून दुसऱ्या सलूनकडे निघालेला. मी मुलगी बघायला चाललो होतो आणि रस्ता चुकलो होतो. गर्दीत नेमकं यालाच थांबवलं. त्याने रस्ता व्यवस्थित सांगितला आणि वर म्हणाला, "पन माझ्यावर जाऊ नका. पुढं पानवाला हाय, त्याला पन विचारा."

पानवाल्याने वेगळाच रस्ता सांगितला. दोन्ही रस्ते एकाच घराकडे जात होते, हे मला नंतर कळलं. ते घर त्या अर्ध्या दाढीवाल्याचंच होतं, हे त्याच्याही नंतर. मी बघायला गेलेली मुलगी त्याची धाकटी बहीण मंगल. आज ती माझी बायको आहे, आणि त्या दिवशी मी चहाचे पोहे खाल्ले की पोह्यांचा चहा प्यायलो, हे ती अजून चारचौघांत सांगते.

अर्ध्या दाढीचं कारण साधं होतं. पहिल्या न्हाव्याने डावा गाल केला. वस्तरा बरा लागला. पण तो खरंच बरा होता का, हे दुसऱ्या न्हाव्याने उजवा गाल केल्याशिवाय कसं कळणार?

कुठलीही गोष्ट एका माणसाच्या सांगण्यावरून करायची नाही, हा जनूदादाचा धर्म. "ह्याचं आयकलं. आता त्याचं आयकू," हा त्याचा मंत्र. त्याला एक पोटनियमही होता: "पयल्याचं दुसऱ्याला सांगायचं नाय. सांगितलं की तो पयल्याचं बघून बोलतो." त्यामुळे जनूदादाकडे दोन चष्मे आहेत, दोन दुकानांतून नंबर काढलेले, आणि दोघांचा नंबर जुळत नाही. एक तो पेपर वाचायला लावतो, दुसरा पहिल्याने वाचलेलं तपासायला. घराची वास्तुशांत दोन भटजींनी काढलेल्या दोन मुहूर्तांवर दोनदा झाली. "दोघांचा मान राखला," तो म्हणाला. आम्ही मात्र दोनदा जेवलो, तेव्हा त्याच्या या धर्माला नावं ठेवण्याचा नैतिक अधिकार मी त्या दिवशीच गमावला.

बाजारात तो एका कोळणीकडचं पापलेट घेऊन शेजारच्या कोळणीला दाखवायचा. "हा ताजा हाय का गं?" शेजारची काय सांगणार! शेवटी पहिलीने त्याला भर बाजारात दम दिला, "ए जनू, माझा पापलेट तिच्याकडं नेलास ना परत, तर तोच तुझ्या डोक्यात घालीन!" त्यावर जनूदादाने शांतपणे तिसरीला विचारलं, "ही खरंच घालील का गं?"

लग्न राहिलं ते यामुळेच. मुली बघितल्या, पसंत केल्या. एक मामा हो म्हणाला की हा दुसऱ्या मामाकडे जायचा. दुसरा हो म्हणेपर्यंत मुलीकडच्यांनी दुसरीकडे जमवलेलं असायचं. एका मुलीच्या पहिल्या मुलाच्या बारशाला जनूदादा आहेर घेऊन गेला, तेव्हा तिच्याबद्दलचं एक मत अजून यायचं होतं.

माझ्याबद्दल त्याने काय केलं, हे मी लग्नानंतर धीर करून विचारलं. "तुमच्याबद्दल लय जनांना विचारलं, जावईबापू," तो म्हणाला. "कोन म्हनला सरळ हाय, कोन म्हनला बावळट हाय. कायच कळंना. मंग मंगीला विचारलं. ती बोलली, चालेल." या 'चालेल'वर आमचा संसार उभा आहे.

आम्ही विरारजवळ बोळिंजच्या एका मोठ्या संकुलात राहतो, जिथे प्रत्येक इमारतीला एका फुलाचं नाव आहे आणि प्रत्यक्ष फूल औषधालाही नाही. जनूदादा वसईच्या खाडीकडच्या आपल्या गावात. भाताच्या खाचराचं आता टर्फ झालंय. जिथे त्याचे वडील चिखल तुडवत होते तिथे ऑफिसातली मंडळी हिरव्या प्लास्टिकवर क्रिकेट खेळतात. उरलेल्या वाडीत केळी, अळू आणि तोंडली. माणूस एकटा, पण घर झाडून पुसून लख्ख. मंगल दर आठवड्याला डबा पाठवते. डबा रिकामा परत करायचा नाही, ही त्या घराची रीत, म्हणून तो केळफूल किंवा अळूची पानं घालून परत करतो. डबा घेऊन जाणारा आणि आणणारा मी.

त्याच्या किडन्या गेल्या त्याही त्याच्या धर्मापायी. रक्तदाबावर दोन डॉक्टरांनी दोन औषधं दिली होती. कोणाचं घ्यायचं हे त्याचं ठरेपर्यंत किडन्यांनी आपलं ठरवून टाकलं. मग डायलिसिस सुरू झालं. एक दिवसाआड सुया, नळ्या, आणि पाणी मोजून प्यायचं. वाडीला भरपूर पाणी सोडणारा हा माणूस स्वतः मात्र ओठ ओले करून बसायचा.

मंगलची किडनी जुळली. तिने घरात कोणाला विचारलं नाही, सांगितलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मी दादाला किडनी देते आहे. तुम्ही तेवढे दिवस कुकर लावायला शिका." मुंबईतल्या इस्पितळाची एक समिती असते. दाता आपल्या मर्जीने देतो आहे ना, हे ती तपासते. त्यांनी मला एकट्याला आत बोलावून गंभीरपणे विचारलं, "यात तुमचा काही दबाव?" मी म्हटलं, "साहेब, माझा दबाव आमच्या घरात नळालासुद्धा नसतो." समितीतल्या एका बाईंनी हसू दाबलं आणि आमचे कागद पुढे सरकले.

ऑपरेशन छान झालं. तेव्हापासून मंगलचा रोज सकाळी भावाला फोन.

"कशी आहे?"

"बरा हाय मी."

"तुझं नाही विचारलं. ती कशी आहे?"

मग तो तिला तिच्या किडनीची खुशाली सांगायचा. पाणी किती दिलं, गोळ्या वेळेवर गेल्या का, सगळं. आपल्या वस्तूची अशी रोज चौकशी करणारी माणसं मी फक्त भाड्याने फ्लॅट देणाऱ्यांत पाहिली आहेत.

असं सगळं ठीक चाललेलं असताना एका तपासणीत आकडा चढला. रक्तात क्रिएटिनिन नावाचा कचरा असतो; किडनी नीट झाडते आहे की नाही हे त्याच्या आकड्यावरून कळतं. आकडा चढला म्हणजे झाडणारी थकली, किंवा तिला कोणीतरी त्रास देतंय. मुंबईचे मोठे डॉक्टर आकड्यांचे माणूस. त्यांनी कागदावर आलेख काढला, शेवटच्या टिंबाभोवती गोल केला आणि म्हणाले, "आकडा चढला की मी रिजेक्शनच धरतो. दुसरं काही आहे हे सिद्ध होईपर्यंत."

रिजेक्शन म्हणजे काय, ते एव्हाना आम्हाला तोंडपाठ होतं. अंगाला कळतं की हा अवयव आपला नाही, बाहेरून आलाय. मग ते त्याच्यावर चालून जातं. तसं होऊ नये म्हणून अंगाला गप्प ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. डॉक्टरांनी सुईने किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आला: सीमारेषेवर. मला वाटलं, म्हणजे काठावर पास. मी स्वतः आयुष्यभर तसाच पास झालेलो असल्याने मला बरंच वाटलं.

"म्हंजे हाय का नाय?" जनूदादाने विचारलं.

"असू शकतं," मोठे डॉक्टर म्हणाले. "मी तरी आहे असंच समजतो. भरती व्हा. तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड. आणि या गोळ्या आजपासून वाढवा."

बाहेर आल्यावर जनूदादा गाडीच्या दाराशी उभा राहिला. मला पुढचं वाक्य माहीत होतं. "ह्याचं आयकलं," तो म्हणाला, "आता त्याचं आयकू. आन जावईबापू, मंगीला यातलं एक अक्षर बोलायचं नाय."

इथून माझ्या आयुष्यातला कटकारस्थानाचा काळ सुरू झाला. मंगलला आम्ही सांगितलं, टर्फच्या कराराची कामं आहेत. मी गाडी चालवायची, जनूदादाने मांडीवर स्टीलचा डबा धरायचा. डब्यात फडक्यात गुंडाळलेल्या काचपट्ट्या होत्या, त्या तुकड्याच्या. इस्पितळातून त्याने त्या मागून आणल्या होत्या. खड्डा आला की तो डबा छातीशी घ्यायचा, आणि वसई-विरारमध्ये खड्डा येतच असतो. बायकोच्या देहाचा एक कण एवढ्या जपून नेणारा माणूस शेजारी बसलाय आणि आपण तिच्याशी खोटं बोलतोय, या विचाराने मी एकदा सिग्नल तोडला.

दुसरे डॉक्टर वसईचे. हे काचेचे माणूस. जनूदादाने नियमाप्रमाणे पहिल्याचं नाव लपवायला अहवालाच्या डोक्यावर औषधाची चिकटपट्टी लावली होती. डॉक्टरांनी ती सोलून काढली, नाव वाचलं आणि म्हणाले, "सर! मी सरांचाच विद्यार्थी. सर फार मोठे आहेत. पण सर काच बघत नाहीत. आकडा काय, जुलाब झाले तरी चढतो." त्यांनी स्वतः काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि बराच वेळ डोळा लावून बसले. आम्ही दोघं जत्रेतल्या बायस्कोपपाशी आपल्या पाळीची वाट बघणाऱ्यांसारखे उभे.

"हे रिजेक्शन नाही," ते शेवटी म्हणाले. "हा गोळ्यांचाच परिणाम आहे. किडनीचं रक्षण करणाऱ्या गोळ्या जास्त झाल्या की किडनीलाच छळतात."

मला हे लगेच पटलं. आमच्या संकुलाचा वॉचमन चोर येऊ नये म्हणून पहाटेपर्यंत शिट्ट्या फुंकतो. चोर आजवर आला नाही, आणि आम्ही आजवर झोपलो नाही.

"तेव्हा गोळ्या कमी करा," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे एकाने सांगितलं वाढवा, दुसऱ्याने सांगितलं कमी करा. दोघं एकाच गुरुकुलातले, तुकडा एकच, काच एकच. मी घरी आलो तर मंगलने माझ्या शर्टाचा वास घेतला. तिला संशय होता की आम्ही दोघं राजोडीच्या किनाऱ्यावर जाऊन तळलेले मासे खातो.

"फिनेलचा वास येतोय. हे कुठलं हॉटेल?"

"स्वच्छ हॉटेल आहे," मी म्हटलं.

तिने शर्ट काढून घेतला आणि सरळ बादलीत बुडवला.

दरम्यान आकडा आणखी चढला. आता मला भीती वाटायला लागली. मी जनूदादाला म्हटलं, "दादा, एकाचं काहीतरी ऐका. भरती व्हा." त्याने खिडकीबाहेर बघत मान हलवली. "अजून एकाला दाखवू. मंग बघू." त्या 'मंग बघू'मध्ये त्याची नेहमीची मजा नव्हती. नेहमी तो मत गोळा करायला निघाला की लग्नाच्या खरेदीला निघाल्यासारखा दिसतो. आता तो कोणाच्या तरी दारात उभा राहून आत जावं की नाही अशा विचारात पडलेला दिसत होता.

तिसऱ्या डॉक्टर विरारच्या, तरुण बाई. त्या आकडाही बघेनात आणि काचही बघेनात. जनूदादाकडेच बघत बसल्या. मग विचारलं, "काका, सध्या गोळ्या कशा घेताय?"

जनूदादा सावरून बसला. "सकाळी वाढवून. संध्याकाळी कमी करून."

"असं कोणी सांगितलं?"

"एकानं सांगितलं वाढव, एकानं सांगितलं कमी कर. दोघंपन मोठी मानसं. दोघांचा मान राखला."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि रक्त कुठे तपासता?"

"सकाळी त्यांच्या लॅबमधी, संध्याकाळी यांच्या लॅबमधी. एकाचं दुसऱ्याला सांगत नाय."

त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मग आम्हाला समजावून सांगितलं, की यामुळे एका लॅबला औषध जास्त दिसतंय, दुसरीला कमी, आणि दोन्ही डॉक्टरांना रोज पटतंय की आपलंच बरोबर. हे सगळं जिच्यावरून चाललंय ती किडनी बिचारी सकाळी एका घरात आणि संध्याकाळी दुसऱ्या घरात राहत होती.

"काका, रिजेक्शन असेल किंवा नसेल," त्या म्हणाल्या. "पण असेल तर थांबण्यात नुकसान आहे. भरती व्हायला काय अडचण आहे?"

जनूदादाने डबा मांडीवरून टेबलावर ठेवला. फडकं नीट केलं.

"डॉक्टर, ही अजून चांगली हाय ना? म्हंजे पुरी खराब नाय ना झाली?"

"नाही, नाही. बरंच काम करते आहे."

"मंग आत्ताच काढून परत देता येईल का?"

"परत? कोणाला?"

"जिची हाय तिला. माझ्या बहिनीला. माझ्या अंगाला नको असंल, तर हिथं ठेवून खराब कशाला करायची? तिच्याकडं एकच हाय. ते स्टेरॉइड दिलं आन त्यानं बिघडली, तर मंग द्यायलापन ऱ्हायची नाय."

माझ्या हातातली फाइल खाली पडली. ती उचलायला मी वाकलो आणि जरा जास्तच वेळ वाकलेला राहिलो. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"काका," डॉक्टरबाई अगदी हळू म्हणाल्या, "असं नाही करता येत."

जनूदादाने मान डोलावली. "ते दोघंपन तेच बोलले."

त्या दोन्ही वेळी मी गाडी काढायला आधी खाली उतरलो होतो आणि तो मागे थांबला होता. खाली आल्यावर त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. रिजेक्शनवर तीन डॉक्टरांची तीन मतं होती. किडनी परत देता येत नाही यावर मात्र तिघंही ठाम होते, आणि नेमकं तेच जनूदादाला ऐकायचं नव्हतं. तो आजार आहे का, हे विचारत फिरत नव्हताच. 'हो, देता येईल' असं म्हणणारा एक डॉक्टर तो शोधत होता.

परतीच्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, "मंगीला बोलू नका." मी "नाही" म्हटलं. त्याला त्याच्या घरी सोडलं आणि बोळिंजला आलो. मंगल अळूच्या पानांच्या शिरा काढत होती. "आज कुठलं हॉटेल?" तिने मान वर न करता विचारलं. आणि मी सगळं सांगून टाकलं. मी गुपित ठेवायचा प्रयत्न केला की माझ्या कानांना घाम येतो, हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

तिने हातातलं पान पुरं केलं. विळी धुऊन भिंतीशी उभी केली. मग म्हणाली, "गाडी काढा."

जनूदादा ओटीवर बसला होता. बहिणीला बघून उठला. "काय गं मंगे, अशी मधीच?"

आमच्या घरात मंगल 'पाणी' म्हणते. माहेरच्या ओटीवर पाऊल पडलं की पाण्याचं पानी होतं आणि आवाज दोन सूर वर चढतो. "मी तुला डबा दिलता का रं दादा? केळफूल घालून परत करायला? डबा होता का तो?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी केळीच्या घडाचं निरीक्षण करू लागलो.

"माझ्या अंगाला नको झालीय गं," तो म्हणाला. "मी नाय नको म्हनत. मी कसा म्हनीन? पन अंग म्हनतं. ते डॉक्टर सारखं सारखं तेच बोलतात, नाकारतंय, नाकारतंय. तू आपलं पोट फाडून दिलंस आन…"

"अंगाला कोन विचारतंय? लहानपनी तुला दुधी नको असायचा. आई विचारायची का तुला? वाढायची ताटात. रडत रडत खायचास, पन खायचास ना?"

"तुझ्याकडं एकच ऱ्हायली, मंगे."

"मला एक पुरते. तुझ्यासारखं मला परतेक गोष्टीला दुसरं लागत नाय."

यावर तो हसला. मंगल मात्र थांबली नाही. तिने माझ्याकडून विरारच्या डॉक्टरबाईंचा नंबर घेतला, आणि त्यांना जे विचारलं ते आजवर आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. "तुम्ही तिघं एकमेकांशी का बोलत नाही?"

जनूदादाच्या पोटनियमात हे बसतच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याच ओटीवर मंगलच्या फोनमधून तिघं डॉक्टर एकदम बोलू लागले. सुरुवातीला फार आदर झाला. मग काचेवर दिसणाऱ्या किडनीच्या सुजेला किती गुण द्यायचे, यावर सुरू झालं.

"मी याला एक देईन," मोठे डॉक्टर.

"मी शून्य देतो, सर," वसईचे डॉक्टर. "तुम्ही पहिल्यापासून सढळ."

"आणि तू पहिल्यापासून चिकट. परीक्षेतसुद्धा उत्तर अर्धंच लिहायचास."

"सर, अर्धं बरोबर होतं."

"सर, दोघंही सर," मध्येच डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्याला नाव काहीही द्या. करायचं काय?"

हा प्रश्न बहुधा बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नसावा. मग दहा मिनिटांत ठरलं. गोळ्या आधी होत्या तेवढ्याच, सकाळ-संध्याकाळ सारख्या. लॅब एकच. आणि थांबायची जोखीम न घेता तीन दिवसांचं औषध आत्ताच. नावावर एकमत झालं नाही, इंजेक्शनवर झालं.

तीन दिवस मंगल त्याच्या उशाशी होती. औषधाने त्याचं तोंड सुजून गोल झालं आणि भूक इतकी लागायला लागली की इस्पितळाचं जेवण त्याला आवडलं. आकडा उतरला. पूर्वीइतका नाही, पण उतरला आणि तिथे टिकला. मोठे डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं, म्हणजे रिजेक्शनच होतं. वसईचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या सरळ झाल्या म्हणून उतरला, रिजेक्शन नव्हतंच. डॉक्टरबाई म्हणाल्या, बघत राहू. खरं काय होतं ते आजही कोणाला माहीत नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर ठरले, आणि अशी सोय फक्त मोठ्या विद्येतच असते. आमच्या ऑफिसात हिशेब चुकला की कोणीतरी एक चुकलेला असावा लागतो, आणि तो बहुधा मी असतो.

परवा थंडीच्या एका सकाळी आम्ही जनूदादाकडे गेलो होतो. तिघं अंगणात बसलो होतो. पलीकडे टर्फवर कोणीतरी झेल सोडला म्हणून आरडाओरडा चालला होता. मंगल प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर सुपात तोंडली.

"मंगे," जनूदादा म्हणाला, "तुला दुखतं का गं? त्या बाजूला."

तिने तोंडली चिरायची थांबवली नाही. "थंडीत जरा ओढतं," ती म्हणाली. पाव महाग झालाय म्हणावं तशा आवाजात. मी तिच्याकडे पाहिलं. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

जनूदादा उठला. "ऊठ जरा." ती सूप घेऊन उभी राहिली. त्याने खुर्ची ओढत अंगणाच्या दुसऱ्या कडेला नेली, जिथे ऊन थेट येत होतं. तिची ती बाजू उन्हाकडे येईल अशी फिरवून ठेवली. हाताने बैठक पुसली. "आता बस."

ती बसली. तो पायरीवर, तिच्या जवळ. थोड्या वेळाने केळीची सावली सरकत सरकत तिच्या कमरेपर्यंत आली. तो पुन्हा उठला.

"काय रे दादा, सारखं?"

"ऊठ," तो म्हणाला, आणि खुर्ची परत उन्हात ओढली.